रोल नंबर चारशे सतरा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी तिसऱ्यांदा वाचत होतो. लाल पेन्सिल हातात होती, पण मार्क्स पडत नव्हते. एप्रिलची दुपार होती. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली. टेबलावर उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे, एक तपासलेल्यांचा आणि एक राहिलेल्यांचा. ही एक पत्रिका मात्र अर्धा तास दोन्हींच्या मध्ये पडून होती. रोल नंबर चारशे सतरा.

साल छप्पन. मी उज्जैनच्या एका कॉलेजात मराठीचा लेक्चरर होतो. वय बत्तीस. बोर्डाच्या इंटर परीक्षेचा परीक्षकही होतो. आज मी चौऱ्याऐंशीचा आहे. मधल्या काळात ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बहुतेक सगळं सांगत असे.

परीक्षकाचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो. पत्रिका सीलबंद पिशवीतून घरी येतात. सोबत एक मॉडेल उत्तर असतं, म्हणजे प्रत्येक प्रश्नाचं अपेक्षित उत्तर आणि कोणत्या मुद्द्याला किती मार्क्स त्याचा तक्ता. गणिताला हे ठीक आहे. कवितेलाही तेच लावत असत. तपासून झालं की मॉडरेशन. म्हणजे मुख्य परीक्षक सगळ्यांना एकत्र बसवून शंका असलेल्या पत्रिका पुन्हा बघतात, की कुणी हात सैल तर सोडला नाही. परीक्षकाचं नाव गुप्त असतं. विद्यार्थ्याचंही. दोघं एकमेकांना फक्त अक्षरावरून ओळखतात.

त्या वर्षी चौथा प्रश्न पंचवीस मार्कांचा होता. न वाचलेल्या कवितेचं रसग्रहण करा. रसग्रहण म्हणजे कवितेचा अर्थ उलगडायचा आणि ती चांगली का वाटली ते सांगायचं. कविता मीच सुचवली होती. ती आबा मास्तरांची होती.

आबा मास्तर मला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. त्यांचे पूर्वज ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत इकडे आले, ते इकडचेच झाले. शाळा सुटल्यावर आबा सायकलवर टांग मारून भैरवगढला जात. तिथे कापडावर ठसे मारून छपाई करणारे छिपे राहतात. आबा त्यांच्यासाठी वेलबुट्ट्या काढून देत. त्या नक्षीवरून सागाच्या लाकडात ठसा कोरला जाई. रिटायर झाल्यावर त्यांनी एक कविता लिहिली. एकच. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ती कोपऱ्यात छापली होती. नाव ‘ठसा’.

हात माझा कापतो गं, ठसा नाही कापत,
सागवानी लाकडात वेल आहे जागत.
झाडावरचे पान गळे, ठशातले ना गळे,
माझे मात्र सारे सारे दिवस झाले पिवळे.
मला शिप्रेवरती न्या रे, धुवा वाहत्या पाण्यात,
धुऊनही जे जाणार नाही, राहो एका लुगड्यात.

मॉडेल उत्तरही मीच लिहिलं. म्हातारा कवी ऐलतीरावरून पैलतीराकडे पाहतो आहे. शिप्रा म्हणजे तीर्थ. वाहतं पाणी म्हणजे पापक्षालन. धुऊनही न जाणारं ते आत्मतत्त्व. लुगडं म्हणजे देह, कारण देहाला वस्त्र म्हणायची आपली जुनी रीत आहे. कवीला मोक्षाची ओढ आहे. प्रत्येक मुद्द्याला पाच मार्क्स, असे पाच मुद्दे. मला ते फार सुंदर जमलंय असं वाटलं होतं. बोर्डालाही वाटलं. नवं राज्य होणार होतं, त्यासाठी मराठीचं नवं पुस्तक तयार होत होतं. त्यात ही कविता आणि तिच्याखाली माझी टिप्पणी घ्यायचं ठरलं. टिप्पणीखाली माझं नाव. पुस्तकात छापलेलं नाव पन्नास वर्षं टिकतं, असा तेव्हा माझा समज होता.

आता चारशे सतराने काय लिहिलं ते. मला ते उत्तर पाठ आहे.

‘आमच्या घरामागे नदी आहे. तिथे छिपे कापड धुतात. मी रोज बघते. रंग दिल्यावर कापड वाहत्या पाण्यात धरतात. कच्चा रंग वाहून जातो. पक्का राहतो. कवी म्हातारा झाला आहे. तो म्हणतो की मलाही तसेच धरा. माझ्यातले कच्चे असेल ते जाऊ दे, पण पक्के असेल ते जाऊ नये. त्याला देवाकडे जायचे नाही. त्याला एखाद्या बाईच्या लुगड्यावर राहायचे आहे. तिला त्याचे नाव माहीत नसले तरी त्याला चालेल. मला वाटते त्याला मरणाची भीती वाटत नसावी. आपण केलेले सगळे पुसले जाईल याची वाटत असावी.’

एवढंच. पाऊण पान. शुद्धलेखनाच्या चार-पाच चुका. मोक्ष नाही, आत्मा नाही, तीर्थ नाही. तक्त्याप्रमाणे पाच मुद्द्यांपैकी एकही नाही.

मी शिप्रेवर जन्मभर गेलो आहे. पण रामघाटावर. आंघोळीला, पर्वणीला, वडिलांच्या अस्थी घेऊन. भैरवगढ माझ्या घरापासून चार मैल. तिथल्या काठावर मी कधी उभा राहिलो नव्हतो. आमच्या घरांतून शिप्रा म्हटली की पुण्यच आठवतं. तिथे कुणी काम करत असेल हे मनातच येत नाही.

तिसऱ्यांदा वाचून मी अठरा मार्क्स दिले. तीन शुद्धलेखनाचे कापले आणि चार का कापले ते मला सांगता येत नव्हतं. पेपरची बेरीज एक्केचाळीस झाली. बाकीची उत्तरं कच्चीच होती. बाहेरून, स्वतःच अभ्यास करून बसलेली मुलगी होती हे कळत होतं. तेहतिसाला पास. मी पत्रिका शंकेच्या गठ्ठ्यात ठेवली.

मॉडरेशनला मुख्य परीक्षक ग्वाल्हेरहून आले. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. दरबारच्या काळातले, काळी टोपी, बोलणं मऊ. मला लेक्चररशिप मिळावी म्हणून त्यांनीच शब्द टाकला होता. त्यांनी चारशे सतरा उघडली आणि चष्मा वर केला.

“देशपांडे, अठरा?”

“हो.”

“ह्यात मोक्ष कुठे आहे?”

“नाही.”

“आत्मा?”

“तोही नाही.”

“मग आहे काय?”

“कापड धुणं आहे, रावसाहेब.”

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. रावसाहेब हसले नाहीत.

“मुलगी हुशार दिसते,” ते म्हणाले. “पण असं बघा. मॉडेल उत्तर तुमचं. बाकी सगळ्या मुलांना त्याच मापानं मोजलंत. हिला अठरा दिले तर त्यांतल्या कित्येकांना आपण फुकट मार्क्स वाटले असं होईल. आणि तुमची टिप्पणी छापखान्यात गेली आहे. हिचं बरोबर असेल तर टिप्पणी परत मागवा. मी पत्र देतो. हिचं चूक असेल तर अठरा कसे?”

“आबांना विचारून येऊ का? इथेच राहतात, दहा मिनिटांवर.”

“कवीला विचारून कुणी पेपर तपासतं का? उद्या ते म्हणाले मला काहीच म्हणायचं नव्हतं, तर?” त्यांनी पत्रिका माझ्यापुढे सरकवली. “मी सही करतो ती आकड्याखाली. अर्थाखाली नाही. तुम्ही ठरवा.”

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. नंतर मी स्वतःला अनेकदा सांगितलं की रावसाहेबांनी दबाव आणला. आणला नाही. त्यांनी मला दोन रस्ते दाखवले आणि पाण्याचा पेला उचलला. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत मी अठरा खोडून सहा केले. एक्केचाळिसाचे एकोणतीस झाले. खाली इनिशियल केली.

जूनमध्ये निकाल लागला. त्यानंतर आठवड्याभरात एक गृहस्थ फ्रीगंजमधल्या माझ्या घरी आले. भैरवगढला जेलच्या कचेरीत कारकून होते. मागे मुलगी, निळं पातळ, हातात वही. मी परीक्षक होतो हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. मराठी शिकवणारा माणूस म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

“सर, हिचे सगळे पेपर ठीक गेले, मराठीचाच बिगडला,” ते म्हणाले. “आता बघा, घरात मराठी, आईशी मराठी, आणि मराठीतच फेल. मोहल्ल्यात लोक हसून राहिलेत. जेलरसाहेब पण म्हणाले, काय भाऊ, मातृभाषेत?”

“बाबा,” मुलगी म्हणाली.

“नाही, मी फक्त सांगतो. सर, आपल्या मराठी लोकांची प्रायमरी शाळा आहे ना, तिथे मुलींना शिकवायला बाई पाहिजे. सेक्रेटरींनी शब्द दिला होता. इंटर मराठी घेऊन पास झाली तर जुलैपासून लागेल. आता पुरवणी परीक्षा पण नाही म्हणतात. बोर्डाचा बोरिया-बिस्तर बांधून राहिलेत.”

ते खरं होतं. नोव्हेंबरात मध्य भारत हे आमचं राज्य जाऊन मध्य प्रदेश होणार होता. दफ्तरं हलत होती. खाजगी उमेदवारांना पुढच्या वर्षी उज्जैन केंद्रावर मराठीचा पेपर मिळेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

“नाव काय तुझं?” मी विचारलं.

“कमल.”

“काय अडलं?”

तिने वही उघडली. कविता तिने आठवून लिहून काढली होती. एकही शब्द चुकला नव्हता.

“सर, ह्याचा अर्थ काय?”

मी मॉडेल उत्तर सांगितलं. तीर्थ, पापक्षालन, आत्मतत्त्व, देह, मोक्ष. ती लिहून घेत होती. मग थांबली.

“पण सर, मग धुवा असं का म्हटलंय? बुडवा का नाही? पुण्य पाहिजे असलं तर माणूस डुबकी मारतो. धुतात तर कापड.”

“कवितेत असं शब्दशः बघायचं नसतं.”

“बरं,” ती म्हणाली. आणि पेन्सिलीने ‘शब्दशः नाही’ असं लिहिलं. “म्हणजे मी जे लिहिलं ते बिलकुल चूक होतं ना? मला वाटत होतं पेपर तपासणाऱ्यांना आवडेल. मी घरी येऊन आईला पण सांगितलं, की आई, आज मला एक कविता कळली.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती. एक शब्द बोलायचा होता मला. ‘नाही’ एवढा. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी नीट तयारी कर.”

वडील उठले. दारात म्हणाले, “चल, सरांनी एवढा टाइम दिला. पाया पड.” ती पडली.

त्याच दुपारी मी सायकल काढली आणि आबा मास्तरांकडे गेलो. दोन महिने उशिरा. आबा खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मांडीवर एक जुना ठसा, आणि त्यातल्या वेलीवरून अंगठा फिरवत होते. हात इतका कापत होता की अंगठा पानावरून घसरून पुन्हा पुन्हा देठापाशी येत होता.

“कोण, वसंता का? बस. ऐकलं, माझी कविता पेपरात घातलीस म्हणे. चोरटं काम, मला सांगितलं पण नाहीस.”

“सांगायचं नसतं, आबा. गुप्त असतं.”

“मग? काय लिहिलं पोरांनी?”

“मोक्षाची ओढ आहे असं लिहिलं.”

आबा खो खो हसले आणि त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं.

“मोक्ष? मला? अरे, मी एकादशीसुद्धा धरत नाही. तुझ्या काकूनं जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडली त्यासाठी.” त्यांनी तोंड पुसलं. “वसंता, माझी वेल घातलेली साडी मी एकदा देवास गेटला बघितली. बसमध्ये चढत होती बाई. पोर काखेत, पिशवी हातात. तिला काय ठाऊक, ही वेल कुणी काढली. ती निघून गेली, मी तिथेच उभा. वाटलं, गेलो मी हिच्याबरोबर. कुठं गेलो ते माहीत नाही, पण गेलो. मला तेवढं पाहिजे, बाबा. मला सुटायचं नाही. मला इथंच राहायचंय.”

“मग शिप्रेत धुवा म्हणजे?”

“म्हणजे धुवा. भैरवगढला जाऊन बघ की. धुतल्याशिवाय पक्का रंग कोणता ते कळतं का कुणाला?” मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. दिसत नव्हतं, तरी वळवली. “एकानं पण नाही का लिहिलं असं? एवढ्या पोरांत?”

हीच ती जागा. कमलच्या बाबतीत मी घाबरट होतो असं म्हणता येईल, करिअर होतं, पुस्तक होतं. इथे काहीच नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, किती मार्क्स दिलेस. तो प्रश्न चुकवण्यासाठी मी म्हणालो, “नाही, आबा. एकानंही नाही.”

“असू दे,” ते म्हणाले. “कविता कच्ची असेल.” आणि पुन्हा ठशावर अंगठा फिरवू लागले.

आबा त्या पावसाळ्यात गेले.

त्यानंतर मी बोर्डाला पत्र लिहिलं. रोल नंबर चारशे सतरा, प्रश्न चार, परीक्षकाच्या चुकीमुळे मार्क्स कमी पडले आहेत, फेरतपासणी व्हावी. उत्तर आलं नाही. नोव्हेंबर उलटल्यावर मी स्वतः कचेरीत गेलो. खोल्या रिकाम्या, सुतळीचे तुकडे, भिंतींवर कपाटांच्या उंचीचे पांढरे पट्टे. एक बाबू खोके मोजत होता.

“पुराने बोर्ड की कॉपियाँ? वो तो रद्दी में गईं, साहब,” तो म्हणाला. “रजिस्टर भोपाल गया। आप अर्ज़ी वहाँ लगाओ।”

मी भोपाळला अर्ज केला नाही. खोटं कशाला सांगू, बाहेर पडताना मला हलकं वाटत होतं. कागदच नाही म्हटल्यावर चूक सुधारायची जबाबदारी संपली, असं मी स्वतःला पटवलं. पुढच्या वर्षी आमच्या केंद्रावर खाजगी उमेदवारांना मराठीचा पेपर मिळाला नाही. वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब उज्जैन सोडून गेलं, एवढं कानावर आलं. कुठे ते मी विचारलं नाही. शाळेत दुसऱ्या बाई लागल्या.

पुस्तक निघालं. टिप्पणी छापली, खाली माझं नाव. काही वर्षं मुलांनी ती पाठ केली. मी वर्गात ती शिकवलीही. फळ्यावर ‘लुगडे = देह’ असं लिहिताना खडू हमखास तुटायचा. मग पुस्तक बदललं, मग मराठी घेणारी मुलंच कमी झाली. गेल्या दिवाळीत नातवाला दाखवायला म्हणून ते पुस्तक शोधलं. माझ्याकडे नाही, लायब्ररीत नाही. नातू म्हणाला, “आजोबा, नेटवर पण नाहीये.”

त्याच सुमारास नानाखेड्याच्या आमच्या नव्या घरून टॉवर चौकात आलो होतो, चष्म्याच्या दुकानात. शेजारी भैरवगढच्या छपाईचं दुकान. बाहेर दोरीवर एक साडी टांगलेली. काठावर वेल. पान डावीकडे झुकलेलं आणि देठाला एक बारीक गाठ. आबा फळ्यावर वेल काढायचे तेव्हा देठाला ती गाठ द्यायचे, आणि आम्ही विसरलो की कान धरायचे.

“ये डिज़ाइन किसका है?” मी दुकानदाराला विचारलं.

“पुराना है, बाऊजी. दादा के टाइम का ठप्पा है. किसने बनाया, क्या मालूम.” त्याने साडी खाली काढली. “ले जाओ. रंग की गारंटी है, चाहे जितना धो लो.”

साडी मी घेतली. जिच्यासाठी घ्यायची ती आता घरात नाही. कपाटात ठेवण्यासाठी आबांनी ती वेल काढली नव्हती, म्हणून सुनेला दिली. ती परवा ती नेसून बँकेत गेली. मी गॅलरीतून बघत होतो. रिक्षा वळेपर्यंत काठ दिसत होता.

कमल आज सत्तरीची असेल. कुठे आहे, मास्तरीण झाली की नाही, मला माहीत नाही. तिला अजून वाटत असेल की त्या दिवशी कळलेली कविता तिला चुकीची कळली होती. हे तिच्या हाती पडावं म्हणून लिहिलं आहे. पडेल असं नाही.

माझ्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एक सांगतो. मॉडेल उत्तर लिफाफ्यातच असू द्यावं आणि आधी पत्रिका वाचावी. आणि कविता ज्या नदीवरची असेल तिथे एकदा जाऊन यावं. परीक्षकाला त्याचा प्रवासभत्ता मिळत नाही, तरी जावं.

राहिलं रेकॉर्ड. रोल नंबर चारशे सतरा, प्रश्न चौथा: सहा खोडले. अठराही खोडले, कारण त्यातले चार मी का कापले होते ते आता मला सांगता येतं. पंचवीसपैकी बावीस. पेपरची बेरीज पंचेचाळीस. पास.

तीन मार्क्स शुद्धलेखनाचे गेले. ते मी आजही कापतो.